साफ लाइन

“माणूस बरा असतो हो, लाइन खराब असते.” मावशींचं हे ठरलेलं वाक्य.

उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजात काढली. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि तारेच्या दोन्ही टोकांना ओरडणारी माणसं. भाऊ भावावर उखडला की मावशी मध्येच म्हणत, “थांबा, लाइन बदलून देते.” तेवढ्या वेळात दोघांचाही पारा उतरायचा. त्या नोकरीनं त्यांना दोन सवयी लावल्या. कुणावर राग धरायचा नाही, आणि धुळीला घरात थारा द्यायचा नाही. रेडिओ, मिक्सर, पाण्याची बाटली, सगळ्यांना त्यांनी लोकरीच्या खोळी विणल्या होत्या. गल्ली त्यांना खोळवाल्या मावशी म्हणे. त्यांच्या कानावर ते येई, आणि त्या हसत.

नवरा गेल्यावर घरात बोलणारा राहिला तो एक लॅपटॉप. परदेशातला मुलगा रविवारी संध्याकाळी त्यावर दिसायचा. त्या लॅपटॉपलाही जांभळी खोळ होती. झाकण उघडता यावं अशी विणलेली, पण पोटाशी घट्ट. वापरतानाही मावशी ती काढत नसत.

मग लॅपटॉप घरघरायला लागला. मुलानं तोंड उघडलं की आतला पंखा त्याच्यावर आवाज चढवी. हात ठेववू नये इतकं ते यंत्र तापे, आणि बोलता बोलता पडदा काळा होई.

त्यातच मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सोबत घरचं माणूस हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. मावशींनी रविवारी मुलाला सांगितलं, “ऑपरेशन ठरलंय रे. येशील का?”

“छान, छान,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा सांगितलं, तर तो म्हणाला, “मस्त.”

मावशींनी ताडलं. पंख्याच्या गोंगाटात पोराला काही ऐकूच जात नाही. लॅपटॉप पिशवीत घालून त्या नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

“मावशी, याला स्वेटर घातलाय तुम्ही,” तो म्हणाला. “तापेल नाही तर काय?”

“उघडा ठेवला तर धूळ जाते आत.”

त्यानं स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं आणि चिमट्यानं पंख्यातून जांभळ्या लोकरीचा एक गुंता ओढून काढला. उंदराच्या बाळाएवढा. हवा बाहेर जायच्या फटीही त्याच लोकरीनं बुजल्या होत्या.

“ही घ्या तुमची धूळ.”

“अगं बाई! हा तर माझाच प्रताप!” मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

पंखा पार झिजला होता. त्यानं नवा बसवला, चिपची उष्णता ओढून घेणारी, पण आता वाळून खडा झालेली पेस्ट खरवडली, ताजी लावली. “खोळ फक्त बंद केल्यावर. आणि गादीवर ठेवायचा नाही, टेबलावर ठेवायचा.”

मावशींनी कान लावला. “चालू कर की.”

“चालूच आहे.”

रविवारी मुलगा दिसला. खोलीत इतकी शांतता होती की त्याच्याकडचा नळ ठिबकतानाही ऐकू येत होता. मावशींनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. आणि त्याच्या आवाजाखाली त्यांना आणखी एक आवाज ऐकू आला. टकटक, टकटक. कीबोर्डवर चालणारी बोटं.

“हं... छान,” तो म्हणाला. टकटक चालूच होती.

सोमवारी मावशी पुन्हा दुकानात. “अजून दोष आहे बघ. त्याचं सगळं मला येतंय, माझं तिकडं पोचत नाही.”

दुरुस्तीवाल्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं. “बोला काहीतरी.”

मावशी पडद्याशी वाकल्या. “डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय रे. येशील का?”

त्यानं ते लावलं. दुकानभर मावशींचा आवाज घुमला. त्यात ‘येशील’च्या आधी घेतलेला श्वाससुद्धा होता.

“माइक ठीक आहे, मावशी.” त्याचा आवाज खाली आला होता.

“परत लाव.”

त्यानं लावलं. मावशी मान तिरकी करून ऐकत राहिल्या, दुसऱ्याच कुणाचा निरोप ऐकावा तशा.

“जातोय की,” त्या म्हणाल्या. “चांगला स्वच्छ जातोय.”

रेकॉर्डिंग बंद करत त्यानं विचारलं, “कधी आहे ऑपरेशन?”

“गुरुवारी.”

“बरोबर कोण?”

“शेजारीण येतेय.”

“ती तर लेकीच्या बाळंतपणाला गेलीय ना?”

“मेल्या, दवाखान्यात सांगायला तरी असू दे की एक शेजारीण!”

“मी येतो. दुकान एक दिवस बंद राहिलं तर कुणी रडत नाही.”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. “आणि तू कोण म्हणून सांगू?”

“मेकॅनिक म्हणा.”

दोघंही हसले. मग मावशींचं हसू विरलं. “घरचं माणूस लागतं रे तिथं,” म्हणत त्यांनी लॅपटॉप पिशवीत सरकवला आणि उठल्या.

दुरुस्तीवाला पायरीवर आला. मावशी कडेकडेनं, भिंतीला बोटं लावत चालल्या होत्या. फरशी जिथं संपते तिथं त्या थांबल्या, पायानं कड चाचपली, उतरल्या. तेवढ्यात दुकानात शिरलेलं एक गिऱ्हाईक आतून दोनदा “अहो” म्हणालं. तो मात्र मावशी कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिला.