शकूची न उतरलेली भूल

अगं पोरींनो, जरा जवळ सरका. मोबाईल खाली ठेवा म्हणत नाही, त्याच्यावरच वाचताय माझं... पण शेंगदाणे खात खात असल्या गोष्टी वाचायची तुमची खोड मला आवडत नाही. दुसऱ्याच्या घरातलं रडणं असतं ते! आणि मी काही असलं मानणारी बाई नव्हे. शाळा पाहिली नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. नेकनूरला आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायची, आधी तिला जेवू घाला, उपाशी माणसालाच असलं सुचतं. आता तसं म्हणायला जीभ उचलत नाही.

शकुंतला माझी सून. शकू म्हणतो आम्ही. ती आणि माझा दत्ता दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे, कर्नाटकात. तो तोडणार, ही मागनं मोळ्या बांधणार. नवराबायको मिळून एक कोयता, असंच म्हणतात आमच्याकडं. यंदा शकूच्या गर्भपिशवीत गाठ निघाली, अंगावरनं लई जायचं. म्हणून दत्ता टोळीबरोबर एकटाच गेला आणि मी शकूला घेऊन बीडला दवाखान्यात.

आत नेताना ती हसत होती. "आत्याबाई, मी झोपल्यावर डब्यातली चटणी संपवू नका बरं का."

"जा गं भवाने," मी म्हणाले, "आधी झोपून तर दाव. जल्मात दिवसा आडवी झाली न्हाईस तू."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मला समजावून गेल्या. "मावशी, पूर्ण भूल म्हणजे साधी झोप नाही. श्वास मशीन देतं. नंतर औषध शरीराबाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडनी करतात. म्हणून आम्ही लघवी किती होते ते बघत बसतो."

ऑपरेशन नीट झालं. पण शकू काही उठेना. "शकुंतला, डोळे उघडा... शकुंतला!" बाई हाका मारून दमल्या. श्वास तिचा ती घेत होती, नळीच्या पिशवीत लघवी येत होती, हार्ट चांगलं — सगळं आपापलं काम करत होतं. ती तेवढी येत नव्हती.

भर दुपारी दत्ताचा फोन आला.

"आई, काहून पाठवलंस गं हिला? आप्रेशन केलंच न्हाई व्हय?"

"कुणाला रं?"

"शकूला! गावाकडनं सकाळी गाडी आलती, त्यात आली आसंल. मोळ्या बांधायलीय माज्या मागं. बोलत न्हाई, रुसलीय जणू."

"आरं येड्या, प्यालास का दिवसाढवळ्या? ती हितं हाय... माज्या म्होरं. नळ्या लावल्यात तिला."

 तो बारीक आवाजात म्हणाला, "आई... मी तिला सांगून आलो, बांधावर जाऊन फोन लावतो, तू मोळ्यांपाशी थांब. उसाची गाडी भरंस्तवर हलू नको."

पोरींनो, उसाच्या फडात हे रोजचंच बोलणं. मोळ्यांपाशी आपलं माणूस नसलं की त्या दुसऱ्याच्या गाडीत जातात. दत्ता सवयीनं बोलून गेला. त्याला काय ठाऊक तो कुणाशी बोलतोय!

"पळ," मी ओरडले, "तिला घरी जा म्हण!"

तो पळत गेला. मोळ्या बांधून ओळीनं लावलेल्या... आणि ती नाही. टोळीतल्या बायांनीही पाहिली होती. "आमी हाक मारली," एक जण म्हणाली, "पर वळूनच बघितलं न्हाई."

दिवस कलला तसे शकूनं डोळे उघडले. सिस्टर तिचा हात पुसायला गेल्या आणि थबकल्या. दोन्ही पंजांवर बारीक चिरा, ताज्या. उसाच्या पाल्यानं पडतात तशा. टेबलावरनं उतरलेल्या बाईच्या हाताला!

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "शकू, घरी जायाचं न्हवं?"

माझ्याकडं न बघता म्हणाली, "गाडी न्हाई आली आजून." दत्तानं थांब म्हटलं होतं, ती तिथंच थांबली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भुलीनंतर काही जणांचं डोकं थोडे दिवस गोंधळतं, येतं परत. धीर धरला आम्ही. टाके सुकले, डोक्याचा फोटोही चांगला आला. ती नाही आली. दत्ता काम टाकून घरी आला. तिच्यापुढं बसून म्हणाला, "आली गं गाडी, भरली, चल." तिनं त्याच्या खांद्यावरनं पलीकडं बघितलं. मग हा परत त्या रानात गेला. उसाचं पाचट जाळून रान काळं झालं होतं. बांधाबांधानं ओरडत हिंडला, "शकू, चल घरी!" रानाचा मालक म्हणाला, याला आधी जेवू घाला कुणीतरी... माझंच बोलणं माझ्या पोराच्या वाट्याला आलं.

आता ती भरवलं तर खाते, तेही कमी झालंय. परवाचा रक्ताचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला, डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. मी विचारलं, "बाई, असं कशानं झालं?" म्हणाल्या, "मावशी, मला सांगता येत नाही." मलाही नाही येत. देवापुढं बसणंही सोडलं मी. दत्ता अंगणातच झोपतो, आत यायला त्याला धीर होत नाही. मी तिची वेणी घालते, तेव्हा हाताला केस ऊन लागतात, डोकं ऊन लागतं... आणि तरी वाटतं, मी रिकाम्या घराला कडी लावतेय.

म्हणून म्हणते, या गं. नेकनूरच्या स्टँडवर उतरून कुणालाही विचारा. जेवून येऊ नका, भाकरी मी टाकीन. तिच्यापाशी बसा, तुमच्या वयाचीच आहे, काहीबाही बोला, कुणाच्या तरी हाकेला वळेल. पण लवकर या... ती घास गिळतेय तोवर या.