बोटाला रवा लागतो का

इडलीचं भांडं शेगडीवर होतं, नवरा, उपेंद्र, एक मोजा शोधत घरभर फिरत होता, आणि दार वाजलं. बेल असताना तळहातानं थापटणारा माणूस एकच, वेंकोजीराव.

आमच्या रस्त्याच्या टोकाला औषधांचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत ते एकतीस वर्षं मलमं करतात. कंपनीच्या ट्यूबमध्ये न मिळणारी, डॉक्टरांनी प्रमाण लिहून दिलेली. आम्ही पुण्याहून इथं आलो तेव्हा आमच्या मुलीच्या, आभाच्या, कोपरांवरचे खवले त्यांच्याच मलमानं गेले. घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा रंग बोटांत चोळून बघायचे म्हणे, वेंकोजीराव मलम तसंच बघत. पूड नीट घोटली गेली नाही की बोटाला रवा लागतो, आणि रवाळ मलम सोललेल्या कातडीला वाळूसारखं ओरबाडतं.

दोन वर्षांपूर्वी दुकानात मलम घोटायचं यंत्र आलं. डबी अडकवायची, बटण दाबायचं, आत पातं फिरतं, हिरवा दिवा लागला की झालं. "आता तुम्हाला आराम," मी थट्टेनं म्हटलं होतं.

"यंत्राला वेळ कळते, अक्का. रवा कळत न्हाई."

आज बसवून कॉफी दिली. पेला इतका तापलेला की मी फडक्यानं धरून आणला. त्यांनी तो सबंध मुठीत धरला, आणि धरूनच बसले.

"अहो, भाजेल!"

"तेच सांगायला आलो, नोडी, हे बघा." त्यांनी पेला ठेवला. तळवा लालबुंद. "साखरेच्या आजारानं बोटं मेली, काही लागलेलं कळत न्हाई. वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, जाण आता परत येणार न्हाई."

"मग मलम?"

"हिरवा दिवा बघून देतो."

गेल्या आठवड्यात वरुणा गावच्या पुष्पावतीच्या पोटरीतून मलम चोळताना रक्त आलं. ती दुकानात दाखवायला आली, तर मालक कृष्णमूर्तींनी तिलाच सुनावलं, "आधी नखं काप." वेंकोजीराव शेजारी उभे होते. गप्प राहिले. हे सांगताना ते माझ्याकडे नाही, इडलीच्या वाफेकडे बघत होते.

मालक वाईट नाहीत. पण बोटं गेलेल्या माणसाला मागच्या खोलीत कोण ठेवील? दुकानात पुढं, गल्ल्यावर, सगळं संगणकावर, ते यांना येत नाही. बासष्टाव्या वर्षी दुसरीकडे तरी कोण विचारणार?

त्यांनी खिशातून डबी काढली. आज सकाळीच यंत्रानं घोटलेली. पुष्पावती अकराच्या बसनं न्यायला येणार. मलम पांढरं, तुकतुकीत, डोळ्यांना खोट दिसेना. मी मनगटाच्या आतल्या बाजूला चोळलं. पुन्हा चोळलं. लोण्यासारखं लागावं असं फार वाटत होतं.

"रवा आहे," मी म्हटलं.

आतून उपेंद्र ओरडला, "सापडला गं!"

वेंकोजीरावांनी झाकण लावलं. फिरवताना ते दोनदा निसटलं.

"अक्का, दहा वाजता माझ्यासंगं दुकानात या. रवा लागतो, आणि मला तो कळत न्हाई, हे मालकांना तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघत न्हाई."