ठकीचा दात आन् तात्याची सरकी

कापूस चार महिने येते, किस्से बारमाही येतात! मी अमरावतीच्या बाजारात मापारी. दिवसभर काट्यापाशी उभं राहून लोकायचा माल तोलतो आन् कान उघडे ठेवतो. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली आन् विलायतेले आमच्या कापसाची अशी हाव सुटली, का लोकायनं गाद्या उसवून विकल्या. माह्या सासऱ्यानं त जावयाची उशीबी सोडली नाई!

*

बाजारात नामी माणूस म्हणजे तात्या दलाल. डोळे मिटून, नुसत्या बोटायनं कापसातली सरकी चोळून सांगे, "ही पातूरची. ही अकोटची." कधी चुकला नाई. त्याची बायको म्हणे, "याइले भातातला खडा समजत नाई, सरकीचं मात्र गाव समजते!"

*

माही ठकी सहा वर्षाची. पयला दात हलाले लागला तवा आजीनं तिले बजावलं, "दात उंदराच्या बिळात टाक, नाई त जन्मभर बोळकी राहशील!"

एका सकाळी तो पडला. पोट्टी मले दाखवाले भर बाजारातून बोंबलत आली, "पडला! पडला!"

झालं! कापसाच्या बाजारात पडते ते एकच, भाव! कोणी बैल माघारी वळवले, कोणी डोक्याले हात लावून खाली बसला. तात्यानं त मिळेल त्या भावात सारा माल फुकून टाकला. मंग कोणीतरी विचारलं, "अरे, सांगितलं कोणं?"

ठकीनं मूठ उघडली.

मी तिले दम भरला, "खबरदार! पुन्हा दात पडला त चकार शब्द काढू नको!"

*

अकोटचा एक पाटील कापसावर असा मातला होता, का बैलायची शिंगं चांदीनं मढवली होती. ठकीच्या दातातली खिडकी पाहून म्हणे, "पोरी, चांदीचा दात बसवून देतो तुले!"

ठकी म्हणे, "मंग उंदीरमामा देईन त्या दाताचं काय करू? तुमच्या बैलाले लावू?"

*

ठकीचा दात पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाव चढला आन् माल फुकलेला तात्या चार दिवस जेवला नाई. मंग ठकीचा दुसरा दात हलाले लागला, तसं त्याच्या डोक्यात शिरलं, "दात आहे तोवर भाव आहे!" राहतं घर गहाण टाकून त्यानं कापूस भरला. रोज सकाळी पेढा घेऊन आमच्या दारात हजर. ठकी आ करे, तात्या वाकून पाहे, "आहे!" म्हणे आन् पेढा देऊन खुशीत जाय.

मी म्हणलं, "तात्या, घरदार पोट्टीच्या तोंडात काहून ठेवून राहिले?"

"तू आपला काटा पाह्य!" म्हणे.

*

एक दिवस मुंबईहून तार आली. लढाई मिटली, भाव कोसळला. तात्या धापा टाकत आमच्या घरी आला.

"ठके, आ कर!"

ठकीनं आ केला. दात जाग्यावर!

"पाह्यलं?" तात्या मले म्हणे. "तार खोटी आहे!"

ठकीचा चेहरा उतरला. "तात्याबा, तो त कवाच पडला. उंदराले देऊन आठ दिवस झाले. बाबा म्हणले बोलू नको... आन् पेढाबी बंद झाला असता."

"मंग हे काय आहे तोंडात?"

ठकीनं बोट घालून ते काढलं आन् त्याच्या तळहातावर ठेवलं. तात्यानं डोळे मिटले. बोटायनं ते चोळलं, पुन्हा चोळलं.

"सरकी," म्हणे. मंग हळूच, "अकोटची."