कुंडीतलं पान

कोकणातल्या आमच्या सुट्टीच्या घरी महिन्यातून एकदाच जाणं होतं. एरवी अंगणातल्या मोगऱ्याला नि बाकीच्या कुंड्यांना शेजारच्या शेवंताकाकू पाणी घालतात. पण खरंच घालतात का? मार्चमध्ये निघताना मी मोगऱ्याच्या कुंडीतल्या मातीवर फणसाचं वाळकं पान ठेवलं. पाणी पडलं तर हलेलच. एप्रिलमध्ये पाहिलं, तर पान तसंच! म्हटलं, सापडल्या. तरी मातीत बोट खुपसलं. खोलवर ओल होती.

"तुमचं पान रोज उचलते, पाणी घालते, परत ठेवते," काकू म्हणाल्या. "पण ते कशाला हो, वैनी?"

"मुळांना सावली," मी म्हणाले. खरं आज पहिल्यांदाच सांगतेय.

मे महिन्यात गेलो, तर काकूंनी प्रत्येक कुंडीत एकेक पान ठेवलेलं. झाडं टवटवीत, आणि माझा संशय उन्हात रांगेनं मांडलेला.