तळाचं वरण

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि माझा भात बंद झाला. मांस-अंडं आमच्या घरात चालत नाही, म्हणून प्रोटीनसाठी रोज दोन वाट्या घट्ट वरण. बायकोची पळी पातेल्याच्या तळाला खरवडते आणि तो आवाज ऐकला की मला काकू आठवते. एकत्र घरात ती स्वतःच्या मुलांना तळाचं घट्ट वाढायची. मला आणि आईला वरचं पिवळं पाणी. त्या रागावर मी धान्याचं दुकान उभं केलं. मापात मूठभर कमी पडलं तर आजही समोरच्याच्या अंगावर जातो. काकू गेली, तिची पळी काही गेली नाही.

काल मी जेवून उठलो तेव्हा बायको जेवायला बसली होती. तिच्या वरणातून वाटीचा तळ दिसत होता.

"हे काय?" मी ओरडलोच.

"ओरडता कशाला? डाळीची गरज तुम्हाला आहे. मला पातळच आवडतं."

आईही हेच म्हणायची, अगदी याच आवाजात.

मी पळी घेतली, पातेलं तळापासून ढवळलं. घट्ट काहीच वर आलं नाही. ते सगळं मी खाल्लं होतं.