गुरुवारचं आंबट पाणी

माझ्या नोकरीत वासावरून सुरू झालेलं प्रकरण एकच. ते अजून मनातून गेलेलं नाही.

तंजावरात तेव्हा भुयारी गटारं नवी होती, आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्रही नवंच. तिथलं निवळलेलं पाणी कालव्याला मिळे. एके दिवशी कालव्याकाठचे शेतकरी ठाण्यात आले. पाण्याला घाण येते, गुरं तोंड लावत नाहीत. केंद्रातल्या केमिस्ट बाईंवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करा, अशी त्यांची तक्रार होती.

बाईंना बोलावलं. त्यांची पहिलीच नोकरी होती. गुन्हा नोंदला की ती जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ठामपणे म्हणाल्या, "सार, माझे जंतू कोणीतरी मारतंय."

आमचे हवालदार हसले. "मग खुनाचं कलम लावू का, अम्मा?"

मला मात्र कुतूहल वाटलं. गुन्हा नोंदण्याआधी मी केंद्र पाहायला गेलो. हौदात हवा सोडतात, तिच्यावर जंतू वाढतात आणि घाण खाऊन पाणी निवळवतात, हे मला तिथे कळलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. पण हे कोणत्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. चांगल्या हौदाला ओल्या मातीचा वास येतो म्हणे. आमच्यासमोरचा काळा पडला होता, नाकाला रुमाल लावावा लागला.

"दर गुरुवारी असं होतं," बाई म्हणाल्या. "एका गल्लीतून तेजाब येतं."

नगरपालिकेचे इंजिनियर सोबत होते. "तेजाब कसलं? शुक्रवारच्या पूजेसाठी घरोघर पितळी दिवे घासतात. चिंचेचं पाणी ते!"

"चिंचेनं हौद मरत नाही, सार."

पुढच्या गुरुवारी आम्ही साध्या कपड्यांत त्या गल्लीत गेलो. घरापुढचं एकेक चेंबर उघडून बाई निळा लिटमस कागद बुडवत होत्या. आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी तो शिकवला होता. पोलिसाला कधी लागेल असं त्यांना वाटलं नसेल. पण सगळीकडे कागद लालच. इंजिनियर म्हणाले, "बघा, चिंच!"

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझं लक्ष एका उंबऱ्याकडे गेलं. साऱ्या दारांपुढे कोलमची रांगोळी, इथे मात्र नुसती माती. शेजारच्या मामींना विचारलं.

"म्हातारे गेले हो त्यांचे. अजून दहावा व्हायचाय."

त्या घराचं चेंबर उघडलं. तिथेही कागद लाल.

घरमालक भांड्यांचा व्यापारी. त्याला ठाण्यात आणून पाणी दिलं, मग सहज विचारलं, "आज घरात काय धुतलं?"

"दिवेच की, सार. गुरुवार नव्हे का?"

"सुतकात दिवे घासले?"

 त्याने ग्लास खाली ठेवला आणि कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली.

पंचांना घेऊन मागची खोली उघडली. तेजाबाच्या बरण्या होत्या. पेंढ्याखाली सारख्याच दोन कांस्यमूर्ती होत्या: एक पापनाशमकडच्या जुन्या देवळातली, दुरुस्तीच्या नावाखाली आणलेली, दुसरी तिची नवी नक्कल. नक्कल तेजाबाने जुनी दिसायला लागली की ती देवळात ठेवायची आणि अस्सल मूर्ती परदेशी जाणार. जुन्या मूर्ती विकत घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांची तेव्हा नुकतीच ये-जा वाढली होती. "गुरुवारी सगळंच गटार आंबट असतं, कुणाला कळणार?" असं त्याने जबाबात सांगितलं.

मूर्ती देवळात परतली, पेपरात छापून आलं. त्यात बाईंचा उल्लेख नव्हता. पण त्यांच्याविरुद्धचा अर्ज मी दप्तरी दाखल केला, आणि काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "सार, जंतू परत आले. बघायला या."

गेलो. हौद तपकिरी झाला होता, फेस उठत होता. खाली कालव्यात म्हशी पाणी पीत होत्या आणि तक्रार घेऊन आलेल्यांपैकीच एक शेतकरी बाईंसाठी केळीचा घड घेऊन उभा होता.

माणूस खोटं सांगताना बहुधा रोजचीच गोष्ट सांगतो, आणि त्या दिवशी ती त्याच्या घरी घडणं शक्य आहे का, हे विसरतो. पुढच्या तपासांत हे मला फार उपयोगी पडलं. दुसरी गोष्ट मी बाईंकडून शिकलो: मोरीत ओतलेलं पाणी संपत नाही, ते कोणाच्या तरी दारी पोहोचतं.

आजही गुरुवारी आमच्या घरी दिवे घासतात. मी मोरीशी घुटमळलो की बायको चिंचेचं पाणी ओतता ओतता विचारते, "हे चालेल ना तुमच्या जंतूंना?"