हॉर्स्टला सांगितलेलं शेवटचं कडवं

आज हॉर्स्टला मातीत ठेवून आलो.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला खोटं सांगितलं होतं.

क्लाउस्थाल हे आमचं जर्मनीच्या उत्तरेकडचं, हार्झच्या डोंगरातलं एवढंसं युनिव्हर्सिटीचं गाव. एके काळी चांदी आणि शिशाच्या खाणींवर जगायचं, आता स्टुडंट्सवर जगतं. गावातल्या खाणी कधीच बंद पडल्या. पण जुनी माणसं रस्त्यात भेटली की अजून "ग्लुक आउफ" म्हणतात.

खाणीत उतरणाऱ्याला म्हणायचं ते. सुखरूप वर ये.

मी विदर्भातल्या तुमसरचा. मँगनीजच्या खाणींजवळ वाढलो, तरी अंधाराला भिणारा. चाळीसहून जास्त वर्षं झाली, पीएचडीसाठी इथे आलो आणि प्रोफेसरांनी मला डोंगरापलीकडच्या, तेव्हा चालू असलेल्या खाणीत धाडलं.

सोबतीला हॉर्स्ट. माझ्याच वयाचा, पण पंधराव्या वर्षापासून जमिनीखाली.

खाणीत उतरवणारा लोखंडी पिंजरा खाली सुटला आणि मी डोळे मिटून पाचवीतली कविता म्हणायला लागलो. कावळे गुरुजींनी लावलेल्या चालीवर, मोठ्यानं.

"प्रार्थना का?" हॉर्स्टनं विचारलं.

"नाही. शाळेतली कविता."

"आहे काय तिच्यात?"

मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. नदीला पूर आलाय. नाव पलीकडची माणसं अलीकडे आणतेय. काठावर एक माय कंदील धरून उभी आहे, उतरणारं एकेक माणूस मोजतेय. सगळी आली. तिचा मुलगा तेवढा यायचाय.

"मग? आला?"

"पुढचं कडवं आठवत नाही."

"डॉक्टर," तो म्हणाला (मला डॉक्टर व्हायला अजून तीन वर्षं होती), "अशी अर्धी गोष्ट सांगून कुणी माणसाला खाली नेतं का?"

त्या दिवसापासून मी त्याचा डॉक्टर. आणि त्या दिवसापासून त्याचा एकच प्रश्न.

गावाभोवती तळीच तळी आहेत. खाणीची चाकं फिरवायला जुन्या लोकांनी बांधलेली. दर रविवारी आम्ही त्यांच्या कडेनं फिरायचो. तो माझी चाल गुणगुणायचा, पण खाणकामगारांच्या बँडच्या ठेक्यात, पाय आपटत. गुरुजींनी ऐकलं असतं तर कान धरून वर्गाबाहेर काढला असता त्याला.

मधेच थांबायचा.

"आल्झो, काय मग, डॉक्टर? पोरगा आला का?"

"अजून नाही."

"तुमची नदी फारच रुंद दिसते."

सुशीला, माझी बायको, हसायची. "अहो, द्या की काहीतरी ठोकून! त्याला कुठे मराठी कळतंय?"

"कवितेत असं चालत नाही," मी म्हणायचो. मोठ्या तोऱ्यात.

एका हिवाळ्यात, तळं गोठलेलं असताना, त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक पितळी बिल्ला होता. त्यावर त्याचा नंबर.

खाणीत उतरताना प्रत्येकानं फळीवरच्या खिळ्यावरचा आपला बिल्ला काढून न्यायचा. वर आलं की परत टांगायचा. पाळी संपली आणि एखादा खिळा रिकामा दिसला, तर कुणीतरी अजून खाली आहे.

"माझ्या भावाचा खिळा रिकामा राहिला," हॉर्स्ट म्हणाला. "थोरल्या. मी सतरा वर्षांचा होतो. छत आलं खाली. आई दोन दिवस फाटकाशी उभी होती. तो सापडलाच नाही."

त्यानं जुडगा परत खिशात टाकला.

वीस वर्षं मला वाटत होतं, तो माझी गंमत करतोय.

त्यानंतर मी हात धुऊन त्या कवितेच्या मागे लागलो. भंडाऱ्याला राहणारा माझा वर्गमित्र मधू, रिटायर्ड मास्तर. त्याला किती पत्रं, किती फोन, किती मेसेज. पाचवीचं जुनं पुस्तक मिळेना.

आणि मग हॉर्स्टची फुप्फुसं थकली. खाणीची धूळ.

हॉस्पिटलात त्यानं नाकावरची नळी जरा बाजूला केली.

"आल्झो, डॉक्टर?"

पुढचं विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती.

मी त्याचा हात धरला आणि तिथल्या तिथे एक कडवं रचलं. त्याच चालीत. यमक लंगडं होतं. म्हणून दाखवलं, मग जर्मनमध्ये सांगितलं. नाव आली. सगळ्यांत शेवटी पोरगा उतरला. माय म्हणाली, चल, भाकर निवतेय.

"सापडलं कडवं?"

"सापडलं."

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर. जणू त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आज सकाळी निघायच्या गडबडीत मधूचा मेसेज आला. सोबत फोटो, पिवळं पडलेलं पान.

"अबे, गावल्लं पुस्तक! तू काही विसरलाच नव्हता बे. कविता तिथंच संपते."

खरंच. माय काठावर उभी आहे, मुलगा यायचाय. आणि त्याखाली थेट शब्दार्थ. मग स्वाध्याय. प्रश्न पहिला : माय काठावर का उभी होती?

मी फोन सुशीलापुढे धरला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"चला," म्हणाली. "टोपी घ्या. वारा आहे."

दफनभूमीत त्याचे जुने सोबती खाणकामगारांच्या काळ्या गणवेशात आले होते. बँड वाजला. एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकत होता, ग्लुक आउफ म्हणत होता. हॉर्स्टच्या मुलीनं जुडग्यातला बिल्ला सोडवून आणला होता.

"डॉक्टर, हा बाबांबरोबर ठेवू का?"

मी म्हणालो, "नको. घरी खिळ्यावर टांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बिल्ला मुठीत घट्ट धरला. खाणकामगाराची मुलगी ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा ठरवून गेलो होतो की खरं सांगायचं. पुस्तकात तुझं उत्तर नाही, हॉर्स्ट. ते कडवं माझं.

नाही सांगितलं. कविता म्हटली, हळू आवाजात. माझ्या लंगड्या कडव्यासकट.

या रविवारी तळ्याकाठी मी एकटाच असेन. त्या चालीवर पाय आपटणारं आता या डोंगरात कुणी उरलं नाही. कुणी मधेच थांबून विचारणार नाही.

पण तू विचारलंसच, तर उत्तर तेच आहे.

आला, हॉर्स्ट. पोरगा आला.

ग्लुक आउफ, मित्रा.